पहिली बेस गिटार: घरच्या अकूस्टिक रेकॉर्डिंगला साथ म्हणून कोणती घ्यावी?

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. घरी गाणं आणि अकूस्टिक गिटार असं रेकॉर्डिंग चालतं, पण ऐकताना खालची बाजू रिकामी वाटते. म्हणून बेस घ्यायचा आहे. सध्याचं सामान: लॅपटॉपवर रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, फोकसराइट स्कारलेट सोलो (माइक-गिटार लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस), एक कंडेन्सर माइक, बंद कपांचा हेडफोन. खोली दहा बाय दहा. गाणी भावगीताच्या वळणाची, केरवा नाहीतर दादरा. काहींत तबला, काहींत नुसती गिटार. पट्टी काळी एक, म्हणून गिटारला पहिल्या फ्रेटवर कापो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून सी-चे शेप वाजवतो. बजेट सगळं धरून पंचवीस हजार.

चार तारा की पाच? आखूड स्केल (तारेची वाजणारी लांबी कमी) घेतलं तर बोटांना सोपं जाईल का? गाणी अकूस्टिक आहेत तर अकूस्टिक बेस गिटारच घ्यावी का? अ‍ॅम्प लागेल का? आणि सांगली-मिरजेत हातात घेऊन बघायला बेस फारसा मिळत नाही, तर ऑनलाइन मागवल्यावर काय काय तपासायचं?

चार_तारा

अकूस्टिक बेसचा विचार आधी बाजूला ठेवा. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला बोलते, म्हणजे गिटारच्या खालच्या ई-च्या (८२ हर्ट्झ) बरोबर एक सप्तक खाली. इतका खालचा सूर नुसत्या पेटीतून भरदार निघायला उभ्या डबल बेसएवढं अंग लागतं. अकूस्टिक बेस गिटारची पेटी साध्या गिटारपेक्षा जेमतेम मोठी असते. माइक लावला तर सुरापेक्षा तारांची टकटक आणि बोटांची खरखर जास्त येते, आणि ब्रिजखालच्या, म्हणजे तारांच्या घोडीखालच्या, पिएझोवरून (कंपन टिपणाऱ्या पट्टीवरून) घेतलं तर आवाज कोरडा, टणटणीत येतो. तुमच्या गाण्याला हवा असलेला मऊपणा तारांतून आणि बोटांतून आणायचा असतो, पेटीतून नाही.

माझ्या मते तुम्हाला हवा तो बेस असा: चार तारा, ३४ इंच स्केल, पॅसिव्ह (बॅटरी नसलेलं) सर्किट आणि प्रिसिजन पद्धतीचा, दोन तुकड्यांत कापलेला पिकअप (तारांची कंपनं विजेत बदलणारा भाग). फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस १९५१ चा, पण हा दोन तुकड्यांचा पिकअप त्यावर १९५७ मध्ये आला. दोन्ही तुकड्यांची गुंडाळी आणि चुंबकं एकमेकांच्या उलट असतात, त्यामुळे विजेची गुणगुण आपोआप कटते. घरात ट्यूबलाइट, फॅन, चार्जर चालू असताना रेकॉर्ड करणाऱ्याला याची किंमत लगेच कळते. जॅझ पद्धतीत दोन सुटे सिंगल कॉइल (एकेरी गुंडाळीचे पिकअप) असतात. दोघांचे व्हॉल्यूम सारखे असेपर्यंत शांत, एक कमी केला की हम, म्हणजे तीच गुणगुण, सुरू. या किमतीतले बरेच बेस 'पीजे' असतात, म्हणजे एक प्रिसिजन पिकअप आणि ब्रिजकडे एक जॅझ. त्यात ब्रिजकडचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून फक्त प्रिसिजनवर रेकॉर्ड करा.

यामाहा टीआरबीएक्स १७४ आणि कोर्टचा अ‍ॅक्शन पीजे, दोन्ही पॅसिव्ह पीजे आणि ३४ इंची. आयबानेझ जीएसआर २०० सुद्धा चांगला, पण त्यात बॅटरीवर चालणारा बेस बूस्ट आहे. अशा बेसमध्ये जॅकला केबल लावलेली राहिली की ९ व्होल्टची बॅटरी उतरत राहते, एवढं लक्षात ठेवा. दर दुकानागणिक बदलतात, तीन ठिकाणी विचारल्याशिवाय घेऊ नका.

पाच तारांची गरज नाही. पाचवी बी तार ३१ हर्ट्झची. फोनवर किंवा छोट्या स्पीकरवर तो सूर पोचतच नाही, स्वस्त बेसमध्ये ती तार ढिली वाजते, आणि न वाजवलेली आणखी एक तार दाबून धरायचं काम वाढतं.

बजेटमधून तीन-चार हजार तारांसाठी वेगळे काढा. कंपनीच्या तारा राउंडवाउंड (गोल तारेच्या गुंडाळीच्या) असतात, कडक आणि चकचकीत आवाजाच्या. त्या काढून फ्लॅटवाउंड लावा. फ्लॅटवाउंडची वरची गुंडाळी सपाट पट्टीची असते, त्यामुळे बोट सरकताना चिरका आवाज येत नाही, वरची झिळई कमी होते आणि सूर गोल येतो. अकूस्टिक गिटारच्या तारांची सगळी चमक वरच्या भागात असते, म्हणून खाली अशीच तार शोभते. त्या महाग आहेत, पण राउंडवाउंडसारख्या काही महिन्यांत मरत नाहीत, वर्षानुवर्षं चालतात.

अ‍ॅम्प नको. स्कारलेट आणि हेडफोन पुरे.

अजिंक्यतारा (सातारा)

स्केलच्या बाबतीत थोडं वेगळं सांगतो. गिटारवरून येणाऱ्याला ३४ इंच किती लांब पडतं ते आकड्यांत बघा. नटपासून (मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) पहिल्या फ्रेटपर्यंतचं अंतर गिटारवर (साडेपंचवीस इंच) साधारण ३६ मिमी, ३० इंची बेसवर ४३ मिमी, ३४ इंचीवर साडेअठ्ठेचाळीस मिमी. पहिल्या ते चौथ्या फ्रेटचा पसारा गिटारवर पावणेदहा सेंटिमीटर, ३० इंचीवर साडेअकरा, ३४ इंचीवर तेरा. लहान हाताच्या माणसाने खालच्या फ्रेटवर चार बोटं चार फ्रेटला ताणली की मनगट दुखायला लागतं आणि मग बेस कोपऱ्यात पडून राहतो.

शिवाय आखूड स्केलचा आवाज मुळातच जरा मऊ आणि गुबगुबीत, अकूस्टिक गाण्याला छान बसणारा. स्क्वायरचा ब्रॉन्को ३० इंची आहे. आयबानेझचा मिक्रो २८.६ इंची, पण तो फारच आखूड. त्याची खालची तार ढिली लागते, तो लहान मुलांसाठी ठीक.

आखूड घेतलात तर एक काळजी घ्या. लांब स्केलच्या तारा त्यावर लावू नका. तारेचा जाड भाग खुंटीवर गुंडाळला जातो, तिथे गुंडाळी फुटते आणि तार बेसूर होते. 'शॉर्ट स्केल' लिहिलेलाच संच घ्या.

चार_तारा

अंतरांचं गणित बरोबर आहे, पण या गाण्यांची पट्टी काळी एक आहे, आणि निर्णय तिथे फिरतो.

काळी एक म्हणजे सी शार्प. बेसच्या मोकळ्या तारा ई, ए, डी, जी. सी शार्प मेजरच्या सात सुरांत यातला एकही सूर नाही. म्हणजे मोकळी तार कधीच कामाची नाही, आणि चुकून एखादी किणकिणली की लगेच विसंवादी. आता चारही तारा अर्धा सूर उतरवा: डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प. हे चारही सूर त्या पट्टीत आहेत. षड्ज मोकळ्या तिसऱ्या तारेवर, पंचम मोकळ्या दुसऱ्या तारेवर, मध्यम सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर. (तारा जाडीकडून मोजल्या आहेत.) डावा हात जवळजवळ मोकळा राहतो आणि लांब सूर नीट टिकतात.

जागांचा गोंधळ होऊ देऊ नका. कापो लावलेली गिटार जेव्हा सी, एफ, जी-चे शेप वाजवते तेव्हा उतरवलेल्या बेसवर हात डी, जी, ए-च्या जागी जातो. गिटारवर ए मायनर असेल तर बेसवर बी-ची जागा, डी मायनर असेल तर मोकळी जाड तार. कॉर्डच्या कागदावर बेसची ओळ वेगळी लिहून ठेवा.

आता तणाव. अर्धा सूर उतरवला की तारेचा तणाव सुमारे ११ टक्के कमी होतो. त्याच जाडीची तार ३४ ऐवजी ३० इंचावर लावली की तणाव २२ टक्के कमी. दोन्ही एकत्र केलं तर ३० टक्क्यांच्या आसपास, आणि मग जाड तार फ्रेटवर आपटत राहते, जोरात वाजवली की सूर सुरुवातीला चढतो आणि मग खाली येतो. म्हणून काळी एकला उतरवून वाजवायचं असेल तर ३४ इंच आणि ४५ ते १०५ जाडीच्या (इंचाच्या हजाराव्या भागांत) तारांचा संच. आखूडच घ्यायचा ठरला तर उतरवू नका. मग षड्ज ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर, मध्यम ई तारेच्या दुसऱ्यावर, पंचम ई तारेच्या चौथ्यावर. हात एका जागी बसतो, हेही वाईट नाही, फक्त मोकळ्या तारा दाबून धरण्याची शिस्त हवी.

आणि ३४ इंचीवर पाचव्या फ्रेटच्या खाली चार बोटं चार फ्रेटला लावायचीच नसतात. पहिलं बोट, दुसरं बोट, आणि करंगळी व अनामिका मिळून तिसरं, असं तीन फ्रेटमध्ये वाजवा आणि हात सरकवा. डबल बेसवाले हेच करतात.

जवारी (मिरज)

ऑनलाइन मागवलेल्या बेसचं लिहितो. खोकं उघडतानाचा व्हिडिओ करा, दुकानाचा परतीचा नियम आधीच वाचून ठेवा, आणि पहिल्या दोन दिवसांत पुढचं सगळं तपासून टाका.

सर्वांत आधी मान. बेस डोळ्याजवळ धरून ब्रिजकडून नटकडे बघा. मानेच्या दोन्ही कडा एकाच प्रतलात दिसायला हव्यात. एक कड वर, एक खाली दिसली तर मानेला पीळ आहे, तो दुरुस्त होत नाही, परत करा. हलका बाक असेल तर तो ट्रस रॉडने (मानेच्या आतल्या धातूच्या सळईने) जातो. ट्रस रॉडचा पेच सोबत आलेल्या पान्याने दोन्ही दिशांना थोडा फिरतो ना, तेही याच वेळी बघा. तो गच्च किंवा घासलेला असेल तर तेही परत करण्याचं कारण.

मग बेस सुरात लावून प्रत्येक तारेचा प्रत्येक फ्रेट वाजवा आणि सूर किती टिकतो ते ऐका. जी तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास एखादा सूर लवकर विझणं हे बोल्टने जोडलेल्या मानेत नेहमीचं असतं, तो दोष धरू नका. पण शेजारच्यापेक्षा एकच फ्रेट जोरात खरखरत असेल तर पुढचा फ्रेट उंच आहे. जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड तीन फ्रेटवर टेकवून बघा. कार्ड झुललं की मधला उंच.

केबल लावून नॉब फिरवा. कर्र आवाज आला तर आत धूळ किंवा खराब पॉट (नॉबखालचा फिरता भाग). कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा बहुतेक वेळा पुरतो. तारांना हात लावल्यावर हम कमी झाली तर अर्थिंगची वायर ठीक आहे. हात लावल्यावर वाढली तर ब्रिजखालची वायर सुटलेली आहे किंवा जॅकची जोडणी उलटी आहे.

आता सेटअप, म्हणजे मानेचा बाक, तारांची उंची आणि सूर जुळवणं. हा नव्या तारा लावून, ज्या सुरात वाजवणार त्याच सुरात करायचा. आधी स्टँडर्ड सुरात सेटअप करून नंतर अर्धा सूर उतरवला की मान थोडी मागे जाते आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर बझ (तार फ्रेटला लागून होणारी खरखर) सुरू होतो. फ्लॅटवाउंड आणि राउंडवाउंड यांचा तणावही वेगळा असतो, म्हणून तारांचा प्रकार बदलला की पुन्हा तपासा.

पहिल्या फ्रेटवर कापो लावा, जाड तार शेवटच्या फ्रेटवर दाबा, आणि आठव्या फ्रेटच्या वर तारेखाली किती फट राहते ते मोजा. ०.३ ते ०.३५ मिमी हवी. फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पत्र्यांचा संच) ऑटोमोबाइल स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो, दुचाकीचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तोच. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, मग पुन्हा सुरात लावून मोजायचं. जोर लागतोय असं वाटलं की थांबा.

त्यानंतरच तारांची उंची. सतराव्या फ्रेटवर जाड तारेखाली २.४ मिमी आणि बारीक तारेखाली २ मिमी ही चांगली सुरुवात. हलक्या हाताने वाजवणार असाल तर आणखी थोडी खाली नेता येते. ट्रस रॉड फिरवून उंची कमी करायचा मोह अनेकांना होतो, आणि तिथेच सेटअप बिघडतो: रॉड फक्त मानेचा बाक ठरवतो, उंची ब्रिजच्या सॅडलवर (प्रत्येक तार टेकते त्या तुकड्यावर) ठरते. बझ कुठे येतो यावरून कारण ओळखता येतं. पहिल्या पाच फ्रेटवरच असेल तर बाक कमी पडलाय. बाराव्याच्या पुढे असेल तर उंची कमी आहे किंवा बाक जास्त झालाय. केबलशिवाय ऐकू येतो पण हेडफोनमध्ये येत नाही असा बारीक बझ सोडून द्या.

शेवटी इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर खरा लागणं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर सारखे हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, मानेपासून दूर. उतरलेला असेल तर पुढे. कानाने लावू नका, एवढ्या खालच्या सुरात कान फसतो. हेडला चिकटवायचा क्लिप ट्यूनर जाड तार नीट पकडत नाही. इंटरफेसमध्ये केबल लावून रीपरमधला रीट्यून हा ट्यूनर वापरा.

नवी तार कापताना आधी खुंटीच्या पुढे दहा-बारा सेंटिमीटर सोडून तिला काटकोनात वाकवा आणि वाकणाच्या पुढे कापा. सरळ तार तशीच कापली तर गुंडाळी आतून सैल होते आणि ती तार पुन्हा कधी नीट बोलत नाही.

नटच्या खाचा फार उंच असतील तर पहिल्या फ्रेटवरचे सूर चढे लागतात. खाचा खोल करणं हे अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं काम आहे, ते घरी करू नका. मिरजेतल्या तंतुवाद्य कारागिरांचा हात अशा बारीक कामाला बसलेला आहे, विचारून बघा. फक्त स्पष्ट सांगा की तंबोऱ्यात जवारी आणतो तसा तारेला झणकार नको आहे, इथे तार खाचेच्या पुढच्या कडेवरूनच सुटली पाहिजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबल्यावर पहिल्या फ्रेटवर कागद जाईल एवढी फट राहिली की खाच बरोबर.

पावसाळा सुरू झाल्यावर आणि एप्रिलच्या कोरड्या उन्हात, असं वर्षातून दोनदा आठव्या फ्रेटची फट पुन्हा मोजा. लाकूड हलतं, त्याला इलाज नाही.

कृष्णाकाठ (सांगली)

फार उपयोगी माहिती, सगळ्यांचे आभार. ३४ इंची पीजे आणि फ्लॅटवाउंड असं नक्की करतोय, पट्टीचा मुद्दा पटला. आता रेकॉर्डिंगचं विचारतो. तबला असलेल्या गाण्यात डग्गा आणि बेस एकमेकांत मिसळून चिखल होईल का? आणि बेस फोनवर ऐकूच येत नाही अशी तक्रार बऱ्याच जणांची असते, ती कशामुळे?

खर्ज

सुरुवात इंटरफेसपासून. स्कारलेटवर 'इन्स्ट' बटण दाबल्याशिवाय बेसची केबल लावू नका. लाइन इनपुटचा रोध पिकअपसाठी फार कमी पडतो आणि आवाज मिणमिणता, वरून कापलेला येतो. गेन (आत येणाऱ्या आवाजाची पातळी) लावताना गाण्यात येईल तेवढ्या जोरात जाड तार वाजवा आणि शिखर −१२ ते −१० डीबीच्या आसपास ठेवा. रेकॉर्डिंग २४ बिटला, बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) १२८ सॅम्पल. मिक्सिंगला बफर ५१२ किंवा १०२४.

हमचा बंदोबस्त रेकॉर्डिंगच्या आधीच करा. आपल्याकडच्या विजेची हम ५० हर्ट्झची आणि तुमच्या पट्टीचा खालचा पंचम, जी शार्प, ५१.९ हर्ट्झचा. नंतर इक्यूने (ठरावीक हर्ट्झचा भाग कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) हम कापायला गेलात तर पंचमच कापला जाईल. लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवा, इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरचा फॅन एकतर पूर्ण वेगात नाहीतर बंद, आणि बेस धरून जागच्या जागी फिरून बघा, एका दिशेला हम सर्वांत कमी येते.

डग्ग्याबद्दल. हो, चिखल होतो, कारण डग्ग्याची घुमार आणि बेसचा मूळ सूर एकाच भागात येतात. इलाज इक्यूत कमी आणि वाजवण्यात जास्त आहे. दादऱ्यात पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर, केरव्यात पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर एकेक सूर, बाकी जागा तबल्याला सोडा. तबलजी जिथे डग्ग्यावर मींड घेतो तिथे बेसचा सूर लांबवू नका, तो सरकता सूर आणि तुमचा स्थिर सूर एकमेकांशी भांडतात. सूर आखूड करायला ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा दीड-दोन सेंटिमीटर जाडीचा तुकडा सरकवा आणि अंगठ्याने वाजवा. सूर 'धुम्' असा येतो आणि लगेच विझतो. तबला नसेल त्या गाण्यात स्पंज काढा आणि मोकळ्या तारा पूर्ण वाजू द्या, तिथे लांब सूरच गिटारला आधार देतो.

फोनचं कारण सरळ आहे: त्याच्या छोट्या स्पीकरमधून दोन-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही निघत नाही. बेसचा मूळ सूर तिथे पोचत नाही, कान वरच्या हार्मोनिकवरून तो सूर ओळखतो. म्हणून बेसचा आवाज वाढवत बसू नका. ७०० ते १००० हर्ट्झमध्ये दोन-तीन डीबी चढवा, किंवा बेसच्या ट्रॅकवर अगदी थोडं सॅच्युरेशन (वरचे हार्मोनिक वाढवणारा इफेक्ट) द्या. फ्लॅटवाउंड लावल्यावर हे जास्तच लागेल. टोनचा नॉब पूर्ण बंद करून रेकॉर्ड करू नका, अर्ध्याच्या वर ठेवा. नंतर कापता येतं, नसलेलं आणता येत नाही.

मिक्समध्ये बेसला ३० हर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं कापणारा फिल्टर), अकूस्टिक गिटारला ९० ते १०० चा. गिटार एकटी ऐकली तर थोडी पातळ वाटेल, तसंच राहू द्या. दोन्हीत मिळून २०० ते ३०० च्या आसपास भरड गर्दी होते, तिथे गिटारचेच दोन-तीन डीबी कमी करा. कॉम्प्रेसर (जोरातले सूर दाबून पातळी सारखी करणारा) ४:१, अटॅक २० ते ३० मिलिसेकंद, जोरातल्या सुरावर तीन ते पाच डीबी दाबला जाईल एवढा. अटॅक त्याहून फार कमी केला तर बोटाचा पहिला ठोका चिरडतो आणि बेस मागे पडतो. रिव्हर्ब नको. ट्रॅक मोनो, मधोमध.

आणि खोलीबद्दल, कारण हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये ५६-५७ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. तुमची खोली दोन्ही बाजूंनी दहा फूट, म्हणजे तोच सूर दोनदा. छतही दहा फुटांवर असेल तर तिसऱ्यांदा. तो सूर नेमका तुमच्या पट्टीतल्या ए शार्प (५८) आणि जी शार्प (५२) यांच्या मध्ये बसतो. स्पीकरवर ऐकताना भिंतीला टेकून बसलात तर पंचम-धैवत दणाणतील, खोलीच्या मधोमध बसलात तर तेच सूर गायब होतील, आणि दोन्ही वेळा तुम्ही चुकीचा इक्यू लावाल. बेसची पातळी आणि इक्यू हेडफोनवर ठरवा. स्पीकरवर तपासायचंच असेल तर मागच्या भिंतीपासून खोलीच्या साधारण एक-तृतीयांश अंतरावर, म्हणजे सव्वातीन-साडेतीन फुटांवर, कान येईल असे बसा.